ई३६ एम३ रोजच्या वापरात: गिअरबॉक्सचे माउंट रबरी ठेवू की सॉलिड टाकू?

निळी_एम३ (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ ची बीएमडब्ल्यू ई३६ एम३, दोन दारी. अमेरिकेत विकलं गेलेलं ३.२ लिटरचं एस५२ इंजिन, झेडएफचा पाच गिअरचा बॉक्स, फ्लायव्हील मूळचं म्हणजे ड्युअल मास (दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा). आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला जाऊन-येऊन ६०-६५ किलोमीटर, बहुतेक हायवे. वर्षाकाठी चार-पाच ट्रॅक डे, मिलव्हिलला.

तक्रार अशी: लांबलचक डाव्या वळणात जोर लागलेला असताना तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलं की दांडा अडखळतो आणि दुसऱ्याच्या बाजूला सरकू पाहतो. सरळ रस्त्यावर हेच गिअर सहज पडतात. शिवाय ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की खालून 'धप्' आवाज येतो आणि दांडा पुढेमागे हलतो.

खालून पाहिलं तर गिअरबॉक्सचे दोन्ही माउंट (तो ज्यांवर टेकतो त्या गाद्या) तेलकट, एकाचं रबर वरच्या पत्र्यापासून अर्धं सुटलेलं. म्हणजे बदलायचे हे नक्की, प्रश्न काय टाकायचं हा. समोर चार पर्याय आहेत: कंपनीचेच नवे रबरी, ८० शोअरचे (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) पॉलियुरेथेन, ९५ शोअरचे पॉलियुरेथेन आणि ॲल्युमिनियमचे सॉलिड. ट्रॅकवरचा सल्ला बहुतेक 'सॉलिड टाक' असाच मिळतो. इंजिन माउंट किती जुने आहेत ते माहीत नाही, त्यांना आत्ता हात लावायचा विचार नव्हता.

फक्त गिअरबॉक्सचे सॉलिड करून इंजिनचे रबरी ठेवले तर चालेल का? आवाज किती वाढेल? आणि दांड्याची तक्रार त्यानं खरंच जाईल का?

-----

पाना_तेरा

ॲल्युमिनियमची ऑर्डर दिली असेल तर थांबवा. तुम्ही विचारलेली जोडी, म्हणजे इंजिन रबरावर आणि गिअरबॉक्स सॉलिडवर, ही सगळ्या शक्यतांतली सर्वांत वाईट आहे. उलट जोडी (इंजिन सॉलिड, गिअरबॉक्स रबरी) एकवेळ चालते. अमेरिकन व्ही-आठ गाड्यांवर काम करणारे हा नियम कित्येक वर्षांपासून पाळतात, आणि त्यामागचं कारण तुमच्या गाडीलाही तसंच लागू आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टांनी जोडलेला एकच लांब तुकडा आहे. तो चार जागी टेकतो: पुढे इंजिनच्या दोन बाजूंना दोन माउंट, एकमेकांपासून बरेच दूर, मागे गिअरबॉक्सच्या शेपटाखाली आडव्या पट्टीवर दोन छोटे माउंट, एकमेकांच्या जवळ. गाडी पळते तेव्हा हा सगळा तुकडा मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जसा फिरतो त्याच्या उलट दिशेला पिळला जातो. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क साधारण ३२० न्यूटन-मीटर, झेडएफचा पहिला गिअर ४.२०. म्हणजे पहिल्यात गिअरबॉक्समधून सुमारे १३४४ न्यूटन-मीटर बाहेर पडतो, आणि तेवढाच पीळ या चार माउंटांनी मिळून अडवायचा असतो.

आता तो पीळ कुणाच्या वाट्याला किती येतो ते बघा. माउंट मध्यरेषेपासून जितका लांब, तितका तो पिळाला जास्त अडवतो, आणि हे अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. हिशेबासाठी धरा की इंजिन माउंट मध्यापासून २५ सेंटिमीटरवर आहेत आणि गिअरबॉक्सचे ७ सेंटिमीटरवर (गाडीगणिक आकडे बदलतील, तत्त्व तेच). चारही रबर सारख्याच कडकपणाचे असतील तर गिअरबॉक्सकडच्या जोडीच्या वाट्याला पिळाचा जेमतेम ७ टक्के भाग येतो, म्हणजे शंभरेक न्यूटन-मीटर. बाकीचं सगळं इंजिन माउंट घेतात. तेच मागचे माउंट २० पट कडक केले तर त्यांचा वाटा ६० टक्क्यांवर जातो. ८०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त पीळ, तोही १४ सेंटिमीटरच्या अंतरात. एका माउंटवर वर आणि दुसऱ्यावर खाली असा जवळजवळ ६०० किलोचा जोर पडतो. पूर्वी तो ७० किलोच्या आसपास होता.

हा जोर जातो कुठून? इंजिन पुढे रबरावर गडगडणार, मागचं टोक घट्ट धरलेलं, मधे गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच. ते पिळलं जातं. माउंट जिथे बसतात त्या कानांपाशी किंवा मागच्या कव्हराच्या जोडापाशी तडा जातो. एका झटक्यात नाही, हजारो वेळा पिळून. सुरुवातीला फक्त तेल पाझरल्यासारखं दिसतं आणि माणूस सील बदलत बसतो.

दांड्याची तक्रार मात्र माउंटशी नक्की जोडलेली आहे. डाव्या वळणात बॉडी डावीकडे ओढली जाते, गिअरबॉक्स मागे राहतो, म्हणजे बॉडीच्या हिशेबाने उजवीकडे सरकतो. त्याच्यासोबत गिअरची जाळीही (दांडा ज्या रांगांतून फिरतो ती) उजवीकडे. तुमचा हात मात्र सीटच्या, म्हणजे बॉडीच्या, हिशेबाने सरळ मागे येतो. जाळीच्या दृष्टीने तो आता डावीकडे, दुसऱ्याच्या रांगेजवळ आहे. त्यातच डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ओढताना हात आपसूक अंगाकडे, म्हणजे डावीकडेच येतो. (उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हाच हात दुसऱ्यापासून दूर ओढतो, म्हणून तिकडे ही तक्रार कमी ऐकू येते.) तिसरा १.६६, दुसरा २.४९, नेमका दीडपट. तिसऱ्यात ६५०० आरपीएमवर असताना चुकून दुसरा पडला आणि क्लच सुटला तर इंजिन ९७५० वर फेकलं जातं. तिथे व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. त्यामुळे हे माउंट बदलेपर्यंत ट्रॅकवर जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पण आडवं सरकणं थांबवायला सॉलिडची गरज नाही. नवे मूळ रबरी माउंट घ्या आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या पोलादी वाट्या घ्या. वाटी रबराला सगळीकडून दाबत नाही, १-२ मिलिमीटर जागा सोडून फक्त आडवं पळणं अडवते. उभ्या दिशेला रबर आपलं काम करत राहतं, म्हणून आवाज फारसा वाढत नाही. रोजच्या गाडीसाठी मी हेच टाकेन.

-----

डेट्रॉइटकर

पिळाचा हिशेब पटला. पॉलियुरेथेनला मात्र इतक्यात बाजूला सारू नका, आणि आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'थरथर वाढते' एवढ्यावर निर्णय घेता येत नाही.

सहा सिलिंडर एका ओळीत असले की प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही कंपनं एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून ही इंजिनं कडक माउंट बरीच सहन करतात. हाच प्रयोग चार सिलिंडरच्या गाडीवर केला तर दुय्यम कंपनानं आरसा धूसर दिसतो. उरतात ते सिलिंडर पेटण्याचे ठोके: एका फेरीत तीन. ७५० आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला ३७.५ ठोके. रबरी माउंटवर उभ्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची गती साधारण १० हर्ट्झच्या आसपास धरली, तर ३७.५ तिच्यापासून खूप वर आहे आणि रबर ते ठोके गिळून टाकतं. माउंटचा कडकपणा २० पट वाढला तर ही गती २० च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेचार पट वाढते: ४५ हर्ट्झ. ती ९०० आरपीएमच्या ठोक्यांशी जुळते. सिग्नलला उभं असताना एसीचा काँप्रेसर लागला, आरपीएम थोडे चढले की डॅशबोर्ड, आरसा, सीटची पाठ सगळं थरथरायला लागतं, ते यामुळे. बाजारातल्या सॉलिडच्या तक्रारी सगळ्यांत जास्त आयडलिंगच्याच असतात, वेगाच्या नाही.

तुमच्या हायवेचा आकडाही काढून बघा. पाचवा १.००, डिफरन्शियल ३.२३, टायर २२५/४५ आर १७ धरले तर परीघ जवळपास २ मीटर. ताशी ११० किलोमीटरला इंजिन ३००० वर फिरतं, ठोके १५० हर्ट्झ. ही घुमणारी भुणभुण आहे. ई३६ मध्ये एक्झॉस्टलाही गिअरबॉक्सकडून एक आधारपट्टी असते, त्यामुळे मागचे माउंट सॉलिड केले की एक्झॉस्टचं घुमणंही थेट बोगद्याच्या (गिअरबॉक्सवरच्या बॉडीच्या खोबणीच्या) पत्र्यात उतरतं. दिवसाला ६०-६५ किलोमीटर नेमक्या त्याच वेगाला.

ड्युअल मास फ्लायव्हील तुमच्या बाजूने आहे, ते काढू नका. हलकं एकसंध फ्लायव्हील टाकलं की न्यूट्रलला क्लच सोडल्यावर गिअरचे दाते एकमेकांवर खडखडतात. रबरी माउंटवर ते बाहेर ऐकू येतं, सॉलिडवर ते पायाला जाणवतं.

आता पॉली. मूळ रबर साधारण ५० ते ६० शोअर ए. ८० शोअरचा पॉली कागदावर फार दूर वाटत नाही, पण शोअरचा आकडा सरळ रेषेत वाढत नाही. ८० चा तुकडा त्याच आकाराच्या ५५ च्या रबरापेक्षा दोन-तीन पट कडक असतो आणि ९५ चा त्याहून कितीतरी पुढे. ९५ रोजच्या गाडीत सॉलिडसारखाच वागतो, म्हणून तो यादीतून काढाच. ८० चालेल, एका अटीवर: इंजिन माउंट नवे किंवा निदान ताठ असले पाहिजेत.

पॉलीची जमेची बाजू म्हणजे तेल. तुमचे माउंट तेलानं कुजलेत. नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि पत्र्यापासून सुटतं. पॉली तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही. उणी बाजू थंडी. तुमच्याकडे जानेवारीत शून्याखाली सुरू केलेल्या गाडीत पॉली पहिली १०-१५ मिनिटं दगडासारखा असतो. आणि एक्झॉस्टची उष्णता त्याला मऊ करते, तेव्हा बोगद्यातल्या उष्णतारोधक पत्र्यांपैकी एखादा गंजून पडला असेल तर आधी तो बसवा.

पण माउंट कोणतेही टाका, ते तेल कुठून येतंय हे शोधल्याशिवाय टाकू नका. बहुधा गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टचं सील किंवा गिअर निवडणाऱ्या दांडीचं सील असतं. प्रोपेलर शाफ्ट उतरवलाच तर दोन्ही बदलून घ्या, दोन्ही स्वस्त आहेत.

-----

निळी_एम३

दोघांचे आभार. ६०० किलोचा आकडा डोक्यात बसला, सॉलिडचा विषय माझ्यापुरता मिटला.

आता इंजिन माउंट गेलेत की आहेत हे गाडी न उघडता कसं ओळखायचं? आणि 'धप्' आवाज माउंटचाच आहे कशावरून?

-----

पाना_तेरा

गेलेला इंजिन माउंट ओळखणं सोपं आहे, पण नजर योग्य जागी हवी.

बॉनेट उघडा. पाण्याच्या पंपावरचा पंखा आणि त्याच्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं यांमधली फट चारी बाजूंनी बघा. फट खाली कमी आणि वर जास्त असेल तर इंजिन बसलंय. कड्याच्या आतल्या बाजूला पात्यांनी खरवडल्याचे ताजे ओरखडे असतील तर कडक ब्रेकला इंजिन पुढे जातंय. मग वेळ दवडू नका, पात्याचा तुकडा रेडिएटरमध्ये जातो.

मग हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, कुणाला तरी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हलकेच धरायला सांगा, इंजिन जेमतेम भारावेल इतकाच. गाडीसमोर कुणी उभं राहू नका, बाजूने बघा. जोरात इंजिनाची डावी बाजू उचलली जाते, उजवी दबते. म्हणून डावा माउंट आधी फाटतो. एक-दीड सेंटिमीटर उचललं गेलं तर ठीक. इंजिन उसळून परत आपटत असेल तर माउंट गेला. खालून टॉर्च मारून माउंटच्या रबरावर भेगा आणि भोवती काळा चिकट ओघळ दिसतोय का तेही बघा.

'धप्' आवाजाला मात्र चार-पाच उमेदवार आहेत. गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा ठेवून टॉमीने तो वर ढकला. रबर पत्र्यापासून उघडं पडत असेल तर एक उमेदवार सापडला, तुमच्याकडे तो सापडलेलाच आहे. त्यानंतर प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाची रबरी डिस्क, म्हणजे गुइबो: बोल्टांच्या भोकांभोवती त्रिज्येच्या दिशेने भेगा असतील तर ती काढा. मधल्या बेअरिंगचं रबर हाताने हलवून बघा. मग डिफरन्शियलचे बुश. आणि ई३६ चं जुनं दुखणं, मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश. ते गेले की ॲक्सिलरेटर सोडताना मागचं टोक हलकंच कूस बदलल्यासारखं वाटतं. तुमच्या वर्णनात दांडाही पुढेमागे हलतो, त्यामुळे माझा पहिला संशय गिअरबॉक्स माउंट आणि गुइबोवर.

दांड्याचे बुशही विसरू नका. दांडा ज्या लांब पट्टीत बसतो ती पुढे गिअरबॉक्सला आणि मागे एका रबराने बॉडीला टेकते. म्हणजे ती स्वतःच दोन हलणाऱ्या गोष्टींमधला पूल आहे. मागचं रबर आणि पुढचे बुश २५ वर्षांत पाव झालेले असतात. गिअर निवडणाऱ्या दांडीच्या सांध्यात पिवळट प्लास्टिकचे वॉशर असतात, ते झिजले की दांडा न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे ढवळता येतो. हे सगळं गिअरबॉक्स खाली घेतल्यावरच हाताला येतं, म्हणून याच कामात करून टाका. बुश जुने ठेवून कडक माउंट टाकलेल्या गाडीत दांडा तसाच चुकतो, आणि दोष माउंटला दिला जातो.

-----

ट्रॅकवाली (म्युनिक)

सॉलिडला सरसकट वाईट ठरवू नये म्हणून लिहिते. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या, आतलं सगळं काढलेल्या ई३६ मध्ये चारही माउंट कडक करण्यात अर्थ आहे. तेव्हा इंजिन माउंट पुढे रुंद जागेवर पीळ अडवतात, मागच्यांच्या वाट्याला पुन्हा थोडाच येतो, आणि कवच पिळलं जात नाही. प्रत्येक गिअर तंतोतंत त्याच जागी मिळतो. त्या कामासाठी पुढे ॲल्युमिनियम आणि मागे डेलरिन (कडक प्लास्टिक) किंवा ९५ चा पॉली ही जोडी मला चारही सॉलिडपेक्षा बरी वाटते, कारण बॉडीही किंचित पिळते आणि मागे थोडी सवलत असलेली बरी.

पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ई३६ च्या पुढच्या सबफ्रेमवर इंजिन माउंट ज्या पत्र्याच्या कानांवर बसतात ते कान मुळातच कमजोर आहेत. रबरी माउंटवरही ट्रॅकच्या गाड्यांत ते फाटतात. सॉलिड टाकायचे तर आधी सबफ्रेम उतरवून तिथे जाड पत्रा वेल्ड करावाच लागतो. शिवाय प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर सगळे नट टॉर्क पान्याने तपासावे लागतात, कारण थरथरीने ते सैल होतात. रस्त्याच्या गाडीसाठी हे कुणी करत नाही आणि करूही नये.

आणखी एक. 'सगळे रेसवाले सॉलिड वापरतात' हे ऐकून दुसऱ्या गाडीचा अनुभव इकडे लावू नका. माझदा मिआटामध्ये गिअरबॉक्सला वेगळा माउंटच नाही, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब चौकटीने जोडलेले असतात. जुन्या हवेवर थंड होणाऱ्या पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या टोकाला आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे, आणि गिअरची दांडी बॉडीच्या बोगद्यातून जाते. तिथे माउंट मऊ पडले की गिअरच सापडत नाहीत, म्हणून त्या लोकांना कडक माउंटचा फायदा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. प्रत्येक रचनेचं गणित वेगळं.

-----

घाटवळण (पुणे)

वाचून खूप कळलं. थोडं विषयांतर: ऑक्टाव्हिया व्हीआरएसला खालचा डॉगबोन माउंट कडक करायचा म्हणतात, त्यालाही हाच नियम लागू का? इथे गॅरेजवाले सगळ्यालाच 'फाउंडेशन' म्हणतात, त्यामुळे नक्की कशाबद्दल बोलणं चाललंय तेच कळत नाही.

-----

डेट्रॉइटकर

तुमच्या गाडीत इंजिन आडवं आहे. वरचे दोन, उजवा इंजिनचा आणि डावा गिअरबॉक्सचा, वजन पेलतात. खालचा डॉगबोन फक्त पुढेमागे झुलणं अडवतो. त्याच्यात कडक पॉलीची चकती घातली तर गिअरबॉक्सचं कवच पिळण्याचा धोका नाही, कारण दोन टोकं उलट दिशांना धरली जात नाहीत. आयडलिंगची थरथर मात्र वाढणारच, एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर जास्त. गॅरेजमध्ये 'खालचा टॉर्क रॉडचा बुश' असं सांगा, नाहीतर वरचं फाउंडेशन बदलून मिळेल. बाकी त्याचा वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

-----

निळी_एम३

शनिवारी बॉनेट उघडून तपासलं. पंख्याची फट खाली स्पष्ट कमी आहे, कड्याला आतून ओरखडे आहेत. डावा इंजिन माउंट फाटलेला. ट्रेलिंग आर्मचे बुश ठीक, गुइबोला बोल्टांपाशी दोन भेगा.

यादी अशी केलीय: कंपनीचे दोन इंजिन माउंट, कंपनीचे दोन गिअरबॉक्स माउंट, दोन पोलादी वाट्या, गुइबो आणि त्याचे नवे नट-बोल्ट, मधलं बेअरिंग, मागच्या शाफ्टचं आणि गिअर दांडीचं सील, दांड्याच्या पट्टीचे बुश, प्लास्टिकचे वॉशर, गिअरबॉक्सचं तेल. काही राहिलं का? आणि करायचा क्रम काय?

-----

पाना_तेरा

यादी बरोबर आहे. एक्झॉस्ट उतरावा लागेल, तेव्हा मॅनिफोल्डकडच्या जोडाचे गॅस्केट आणि तांब्याचे नट त्यात घाला. जुने नट न्यू जर्सीच्या मिठाने खाल्लेले असतील. दोन दिवस आधी त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गाडी सपाट जागी, चार स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये, बॅटरीची ऋण तार काढलेली. एक्झॉस्ट आधी, त्याची गिअरबॉक्सवरची आधारपट्टी सुटी करून. मग उष्णतारोधक पत्रे. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी गुइबो आणि फ्लँज यांवर रंगाची खूण करा, तोल बिघडू नये म्हणून शाफ्ट त्याच जागी परत यायला हवा. शाफ्टचे दोन तुकडेही एकमेकांच्या संदर्भात खुणावून ठेवा.

आता गिअरबॉक्सखाली जॅक, मधे लाकडाचा रुंद ठोकळा. आडव्या पट्टीचे बॉडीकडचे नट आणि माउंटचे खालचे नट सोडा. १३ चा पाना आणि लांब एक्स्टेंशन पुरतं. पट्टी काढली की गिअरबॉक्स खाली घ्यायचा, पण २-३ सेंटिमीटर, जास्त नाही. इंजिन मागे कलतं. जास्त खाली घेतलं तर पुढे पंखा कड्यात घुसतो आणि मागे इंजिनाचा वरचा भाग फायरवॉलला, हीटरच्या पाइपांना टेकतो. दांड्याच्या बुशांसाठी जागा कमी वाटली तर पंखा आणि त्याचं कडं आधी काढून घ्या (पंख्याचा मोठा नट उलट आट्यांचा आहे, घड्याळाच्या दिशेने सुटतो), मग थोडं जास्त खाली घेता येतं.

या अवस्थेत सील, बुश, वॉशर उरका. गिअर दांडीचं सील उचकटताना दांडीला ओरखडा पडू देऊ नका, नाहीतर नवं सीलही गळेल.

इंजिन माउंट याच दिवशी, पण गिअरबॉक्स परत टेकवल्यानंतर. ऑइल पॅनच्या कडेला रुंद लाकूड ठेवून इंजिन जेमतेम वजन सुटेल इतकं उचला; पॅनच्या मध्यावर जॅक लावू नका. एका वेळी एकच बाजू. माउंटवर दिशा दाखवणारी छोटी पिन असेल तर ती भोकात बसली का बघा, ती वर चढून बसली की माउंट तिरका राहतो आणि महिन्यात फाटतो.

मागच्या माउंटला वाटी बसवताना रबर वाटीला सगळीकडे टेकत नाही ना, हे बोटाने तपासा. टेकत असेल तर पट्टी थोडी सरकवून मध्यभागी आणा. वाटी रबराला चिकटून बसली तर तुम्ही न ठरवता अर्धा सॉलिड माउंट बसवलात.

सगळे माउंट नट आधी फक्त हाताने लावा. मग जॅक काढून पूर्ण वजन माउंटवर येऊ द्या, गिअरबॉक्स हाताने दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवा, रबर आपली नैसर्गिक जागा घेईल. त्यानंतर कसा. ८ मिलिमीटरच्या स्टडला २१-२२ न्यूटन-मीटर पुरे. जोर लावून जास्त कसलं तर स्टड रबरातल्या पत्र्यासकट फिरतो आणि नवा माउंट वाया. स्टड स्वच्छ करून मध्यम ताकदीचं निळं लॉकिंग द्रव एक थेंब. आधी कसून मग वजन सोडलं तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं.

मधलं बेअरिंग बसवताना ते सरळ वर नेऊन कसू नका. त्याचा कंस पुढे, गिअरबॉक्सकडे, ४ ते ६ मिलिमीटर ढकलून मग कसायचा. शाफ्ट तापून लांब होतो त्यासाठीची ही सवलत आहे. विसरलात तर वीस-तीस किलोमीटरच्या वेगाला गुरगुर येते आणि लोक पुन्हा माउंटलाच दोष देतात.

-----

ट्रॅकवाली (म्युनिक)

गुइबोबद्दल एक राहिलं. त्याच्या कडेवर बाण छापलेले असतात. प्रत्येक बाण ज्या फ्लँजच्या हाताकडे दाखवतो, त्या हाताला तो बोल्ट जायला हवा. उलटा बसवला तर आतले दोरे ताणाऐवजी दाबात येतात आणि तो काही महिन्यांत फाटतो. कसताना नेहमी फ्लँजच्या, म्हणजे धातूच्या बाजूचा नट किंवा बोल्ट फिरवा आणि रबराच्या बाजूचं डोकं पान्याने घट्ट धरून ठेवा; रबराच्या बाजूचं फिरवलं तर डिस्क पिळलेल्या अवस्थेत अडकते. नट स्वतः अडकणाऱ्या जातीचे असतात, एकदाच वापरायचे. टॉर्क बोल्टच्या डोक्यावर कोरलेल्या ताकदीच्या आकड्याप्रमाणे बदलतो, ८.८ ला कमी, १०.९ ला जास्त, तेव्हा आधी बोल्ट बघा आणि मग तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडा लावा.

-----

निळी_एम३

टिपून घेतलं. बेअरिंग पुढे ढकलायचं मला अजिबात माहीत नव्हतं. पोलादी वाट्या आत्ताच टाकू की आधी नुसत्या नव्या रबरावर चालवून बघू?

-----

पाना_तेरा

ट्रॅकवर जाणार असाल तर आत्ताच टाका. नंतर घालायच्या तर तीच आडवी पट्टी पुन्हा उतरवावी लागते. फक्त पहिल्या ३००-४०० किलोमीटरनंतर एकदा खाली जाऊन नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि वाटी व रबरामधली फट बघा. नवं रबर या काळात एखाद-दुसरा मिलिमीटर बसतं. एका बाजूला वाटी टेकायला लागली असेल तर नट ढिले करून पट्टी मध्यावर आणा. आणि ट्रॅकवर तिसऱ्यातून चौथा टाकताना दांडा मुठीत आवळू नका. तळहात दांड्याच्या डाव्या अंगाला लावून नुसता मागे ओढा. आतल्या स्प्रिंगा त्याला आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत ठेवतात.